चाकातलं बेअरिंग : ग्रीस, पाणी आणि कुंभार्ली घाट

"तू नक्की करतेस काय?" या प्रश्नाला मी हल्ली एक ठरलेलं उत्तर देते. एक पोलादी गोळी काचेच्या चकतीवर फिरते, मध्ये ग्रीस असतं आणि त्या ग्रीसचा थर किती जाड आहे ते मी मोजते. समोरचा माणूस "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. माझ्या मामाने मात्र विषय बदलला नाही. तो म्हणाला, "म्हणजे तू बेअरिंगची डॉक्टर होणार. मग माझ्या गाडीचं बेअरिंग वाजतंय ते तुला का नाही कळलं?"

त्याचा प्रश्न रास्त होता, म्हणूनच हा लेख. घरच्या गाडीच्या व्हील बेअरिंगची काळजी घरी घेता येते का, घेता येत असेल तर म्हणजे नक्की काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही, हे लिहिणार आहे. मध्ये थोडं भौतिकशास्त्र येईल, त्याला इलाज नाही.

मामा चिपळूणचा. जुलै २०२१च्या पुरात त्याची हॅचबॅक दारांच्या हँडलपर्यंत पाण्यात होती, साधारण दीड दिवस. पाणी ओसरल्यावर गाडी गॅरेजला गेली. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड बदललं, सीट उन्हात वाळवल्या, वायरिंगची काही कामं झाली. गाडी चालू झाली यातच सगळे खूश होते. व्हील बेअरिंगचा विचार कोणाच्याच मनात आला नाही, माझ्याही नाही.

दिवाळीत मी गेले तेव्हा गाडीतून एक बारीक घुमणारा आवाज येत होता. पन्नासच्या पुढे गेलं की सुरू व्हायचा. मी ठामपणे सांगितलं की टायरचा आवाज आहे, गाडी बरेच दिवस एका जागी उभी होती, टायर एका बाजूला चपटे झाले असतील. हे कारण अगदीच चुकीचं नाही, असं होतं खरं. पण मी तपासलं काहीच नाही, नुसतं सांगून मोकळी झाले.

दोन दिवसांनी आजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी कराडला न्यायचं होतं. कुंभार्ली घाटात गाडी उजवीकडे वळली की तो आवाज मोठा व्हायचा, डावीकडे वळली की जवळजवळ गप्प. तीन-चार वळणं झाल्यावर माझ्या पोटात गोळा आला. टायर असं करत नाही. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डाव्या चाकांवर कलंडतं. म्हणजे डावीकडचं एक बेअरिंग ओझं आलं की ओरडत होतं. पाटणला थांबून पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेल्यावर उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त उष्णता लागत होती. आजीला एसटीने कराडला नेलं, गाडी पाटणच्या एका मिस्त्रीकडे सोडली.

आता हे सगळं का झालं ते बघू.

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी रिंगा आणि त्यांच्यामध्ये छर्रे किंवा रोलर. सायकलच्या चाकातले छर्रे ज्यांनी लहानपणी हरवलेत त्यांना चित्र डोळ्यांसमोर येईल. आपण समजतो की छर्रा रिंगेवर घरंगळतो, दोन्ही एकमेकांना टेकलेले असतात. प्रत्यक्षात चाक फिरत असताना ते टेकलेले नसतात. त्यांच्यामध्ये तेलाचा एक थर असतो, साधारण एक दशांश ते एक मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरला, तर हा थर त्याच्या शेकडो पटींनी पातळ. माझी पीएचडी या थराच्या आतच कुठेतरी अडकून पडली आहे.

एवढा पातळ थर गाडीचं वजन कसं पेलतो? इथे हाइनरिश हर्ट्झ येतो. रेडिओ लहरींवाला हर्ट्झ, तोच. १८८०च्या नाताळच्या सुट्टीत, वय वर्षं तेवीस, तो काचेच्या दोन भिंगांवर दिसणाऱ्या रंगीत वलयांचा विचार करत होता. भिंगं एकमेकांवर दाबली की काच जराशी चपटी होते, मग त्या वलयांचं काय होत असेल? त्यातून त्याने दोन वक्र पृष्ठभाग दाबले गेल्यावर संपर्काची जागा किती मोठी होते आणि तिथे दाब किती येतो याचं गणित मांडलं. छर्रा आणि रिंग जिथे भेटतात ती जागा फार तर एखाद्या मोहरीएवढी. चाकावर येणारं दोन-तीनशे किलोचं ओझं अशा मूठभर ठिपक्यांवर वाटलं जातं. दाब सहज एक ते दीड गिगापास्कलपर्यंत जातो. समुद्राच्या सगळ्यात खोल तळाशी जो दाब असतो त्याच्या नऊ ते चौदा पट.

अशा दाबाखाली तेल तेलासारखं वागत नाही. दाब वाढला की त्याचा घट्टपणा प्रचंड वाढतो, लाखो पटींनी, आणि त्या क्षणापुरतं ते जवळजवळ घनपदार्थासारखं होतं. छर्रा पुढे गेला की पुन्हा पातळ. हा सगळा प्रकार एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळात होतो, आणि तेवढ्यात लोखंड लोखंडाला लागत नाही. प्रयोगशाळेत हाच थर आम्ही काचेतून दिसणाऱ्या रंगांवरून मोजतो. म्हणजे हर्ट्झ ज्या वलयांवरून सुरू झाला तिथेच आम्ही परत. मला याची गंमत अजून वाटते.

ग्रीसचं काम म्हणजे हा थर पुरवत राहणं. ग्रीस हे मुळात तेलच असतं, त्याला धरून ठेवायला एक साबण घातलेला असतो. साबणाच्या सूक्ष्म तंतूंचं जाळं आणि त्यात तेल, स्पंजमध्ये पाणी असतं तसं. गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जातं ते लिथियम ग्रीस, आणि त्यातला साबण बहुधा एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लाचा असतो. बैलगाडीच्या कण्याला आपल्याकडे एरंडेलाचं वंगण घालत, त्याच एरंडीचा हा वंशज म्हणा.

गाडी चालायला लागली की छर्रे बहुतेक ग्रीस बाजूला ढकलून देतात. ते कडेला साचून राहतं आणि तिथून तेल हळूहळू पाझरत येतं. म्हणून बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरणं चुकीचं आहे. सीलबंद बेअरिंगमध्ये कारखाना मोकळ्या जागेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच ग्रीस भरतो. जास्त भरलं तर छर्रे ते सतत घुसळत बसतात, उष्णता वाढते, तेल लवकर निघून जातं. "जास्त घातलेलं बरं" हा नियम भाजीतल्या तेलालासुद्धा लागू नाही, बेअरिंगला तर मुळीच नाही.

आता पाणी. बेअरिंगला सगळ्यात मोठा शत्रू कोण असं विचारलं तर लोक धूळ म्हणतात. धूळ आहेच, पण माझ्या मते आपल्या कोकणात पहिला नंबर पाण्याचा. वंगणतेलातल्या पाण्याचा बेअरिंगच्या आयुष्यावर काय परिणाम होतो याचं एक जुनं सूत्र आहे, १९७७चं. तेलात दहा लाख भागांमागे शंभर भाग पाणी असेल तेव्हाचं आयुष्य एक धरा. पाणी चारशे भाग झालं की आयुष्य निम्म्याहूनही खाली येतं. चारशे भाग म्हणजे एक लिटर तेलात अर्धा मिलिलिटरही नाही, आठ-दहा थेंब फार तर. तेल दिसायला स्वच्छच दिसेल. सूत्र तेलासाठीचं आहे, ग्रीसला जसंच्या तसं लावता येत नाही, पण दिशा तीच.

सील असताना पाणी आत जातं कसं? सील म्हणजे रबराचा एक पातळ ओठ असतो, रिंगेवर टेकलेला. उडणारं पाणी आणि चिखल तो छान अडवतो. पाण्यात बुडून बसण्यासाठी तो बनवलेला नाही. त्यातून दुसरी एक गोष्ट होते. गाडी चालून आली की हब तापलेला असतो, आतली हवाही गरम. तोच हब साचलेल्या थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि बेअरिंग पाणी आत ओढून घेतं. स्ट्रॉने सरबत ओढावं तसं. म्हणून गाडी चालवत येऊन गुडघाभर पाण्यात थांबणं हे पाणी उडवत पार होण्यापेक्षा वाईट. गाडी धुताना प्रेशर वॉशरचा झोत थेट हबच्या मध्यावर धरणं हाही त्यातलाच प्रकार, सर्व्हिस सेंटरच्या रॅम्पवर हे मी कित्येकदा पाहिलंय.

मामाच्या गाडीचं प्रकरण याहून वेगळं, आणि मला जास्त शिकवून गेलेलं. मिस्त्रीने जुनं बेअरिंग काढून दिलं, मी ते घेऊन आले आणि संस्थेच्या वर्कशॉपमध्ये बाहेरची रिंग कापून घेतली. आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं होतं. पुसल्यावर रिंगेच्या वाटेवर तांबूस आडव्या खुणा दिसल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. ते अंतर मोजलं. दोन छर्‍यांमध्ये जेवढं अंतर असतं, बरोब्बर तेवढं.

याचा अर्थ असा की ते गंजणं चाक फिरत असताना झालेलंच नाही. गाडी पाण्यात उभी होती, चाक स्थिर होतं. फिरणं थांबलं की तेलाचा तो थर पिळून निघून जातो, छर्रा रिंगेला टेकतो आणि त्या टेकण्याच्या कडेने पाणी धरून बसतं. दीड दिवस पाण्यात, मग चिखल काढेपर्यंत, गॅरेजमध्ये नंबर लागेपर्यंत, असे कित्येक दिवस. प्रत्येक छर्‍याखाली एक गंजाची रेघ. मग गाडी चालू झाली आणि प्रत्येक छर्रा प्रत्येक रेघेवरून जाऊ लागला. एका रेघेजवळचं पोलाद खवल्यासारखं निघून आलं होतं. घाटात ओरडत होता तो हाच खड्डा.

त्या आवाजाचं गणित बोटांवर करता येतं. हॅचबॅकचं चाक एका फेऱ्यात साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर जातं. म्हणजे किलोमीटरला सव्वापाचशे फेरे, साठच्या वेगाला सेकंदाला सुमारे नऊ. एका ओळीत तेराएक छर्रे असतील तर बाहेरच्या रिंगेवरच्या एका खड्ड्यावरून दर फेऱ्याला पाचएक छर्रे जातात. सेकंदाला पंचेचाळीस ठोके. इतके जवळजवळचे ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक खर्जातला "हूंऽऽ" होतो. वेग वाढला की ठोके वाढतात, आवाज वर चढतो. गिअर बदलल्याने काही फरक पडत नाही, कारण चाकाला गिअर माहीतच नाही. क्लच दाबून गाडी क्षणभर तशीच पळू दिली तरी आवाज तसाच राहतो.

टायरचा आवाज वेगळा कसा ओळखायचा? टायर रस्त्याप्रमाणे सूर बदलतो. काँक्रीटवर एक, नव्या डांबरावर दुसरा. बेअरिंगला रस्त्याचं फारसं देणंघेणं नसतं. शंका असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करा. आवाज जागा बदलून मागे गेला तर टायर, जागचा हलला नाही तर बेअरिंग. हे मी चिपळूणला अर्ध्या तासात करू शकले असते. केलं नाही.

आणि वळणाची परीक्षा तर फुकट आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, सावकाश लांब वळण घ्या. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर संशय डाव्यावर, डावीकडे वळताना वाढला तर उजव्यावर. नव्वद टक्के वेळा हे खरं ठरतं असं म्हणायचा मोह होतोय, पण आकडा मी कुठे मोजलेला नाही, त्यामुळे "बहुतेक वेळा" एवढंच म्हणते. दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये आतली ओळ खराब आहे की बाहेरची, यावर कधीकधी उलटंही होतं.

पुढची तपासणी जॅकवर. गाडी सपाट जमिनीवर, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली जॅक स्टँड. हे लिहिताना मी हसत नाहीये, जॅक सटकून माणसं मरतात. मग चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. धरलेल्या हातांना खट्खट् जाणवली तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंट वगैरे दुसरं काहीतरी. नंतर एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसता टेकवून ठेवा. चांगलं बेअरिंग फिरताना स्प्रिंगमध्ये काही जाणवत नाही. खराब असेल तर बोटांना एक खरखर लागते, जात्यावर हात ठेवल्यासारखी. कानापेक्षा बोटं जास्त हुशार असतात, हे मला प्रयोगशाळेत नाही, मामाच्या अंगणात कळलं.

बेअरिंग वाजतंय तरी गाडी चालते, मग घाई काय? घाई आहे. खड्डा एकदा पडला की त्याची कड प्रत्येक छर्‍याने तुटत जाते, पोलादाचा चुरा ग्रीसमध्ये मिसळतो आणि बाकीची वाट खरवडतो. हळूहळू चाकाला खेळ येतो. ब्रेकची डिस्क चाकाबरोबर डुलायला लागली की ती पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी पेडल दाबलं की ते पहिल्यांदा नेहमीपेक्षा खोल जातं. घाट उतरताना हे झालं तर काय, याचा विचार मी त्या दिवशी पाटणच्या स्टँडवर आजीचा हात धरून बराच वेळ केला.

आता मूळ प्रश्न, घरी काय करता येतं. आजकालच्या बहुतेक गाड्यांमध्ये व्हील बेअरिंग सीलबंद असतं. त्याला ग्रीस घालायचं नसतं, घालायची सोयही नसते. स्क्रूड्रायव्हरने सील उचकून आत ग्रीस कोंबणारे लोक मला माहीत आहेत. तो ओठ एकदा वाकला की पुन्हा नीट बसत नाही, आणि आतलं ग्रीस कुठल्या साबणाचं आहे हे आपल्याला माहीत नसतं. दोन वेगळ्या जातीची ग्रीस, म्हणजे उदाहरणार्थ लिथियम आणि पॉलियुरिया, एकत्र आली की कधीकधी दोन्हींचं जाळं मोडतं आणि पातळ पाणी होऊन वाहून जातं. तेव्हा सीलबंद बेअरिंगची घरची देखभाल म्हणजे ऐकणं, हात लावून पाहणं, पाण्यापासून आणि खड्ड्यातल्या आदळण्यापासून वाचवणं. ज्यांना हात काळे करण्याची हौस आहे त्यांची निराशा होईल, माझीही झाली होती.

एक मुद्दा रुंद रिम आणि व्हील स्पेसर लावणाऱ्यांसाठी. आर्विड पाल्मग्रेन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९२४ साली बेअरिंगचं आयुष्य आणि ओझं यांचं नातं मांडलं, १९४७मध्ये लुंडबर्गबरोबर त्याला पक्कं रूप दिलं. छर्‍यांच्या बेअरिंगवरचं ओझं दुप्पट केलं की आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं. चाक बाहेर सरकवलं की बेअरिंगवर तरफेसारखा जोर येतो. दिसायला गाडी भारदस्त दिसते, मान्य आहे.

बदलायचं ठरलं तर पुढच्या चाकाचं दाबून बसवलेलं बेअरिंग घरी बदलू नका. त्याला प्रेस लागतो. मिस्त्रीकडे मात्र उभं राहून दोन गोष्टी बघा. बेअरिंग बसवताना जी रिंग घट्ट बसवायची आहे तिच्यावरच जोर दिला पाहिजे. दुसऱ्या रिंगेवर दाबलं किंवा हातोडा मारला तर तो जोर छर्‍यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगवर बसवतानाच बारीक खळगे पडतात. "नवीन टाकलं तरी महिन्यात वाजायला लागलं" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं, दोष माल बनवणाऱ्याच्या नावावर जातो. दुसरं, मधला अॅक्सल नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच, आणि गाडीचं वजन चाकावर येण्याआधी पुरेसा आवळलेला असला पाहिजे. तो नट बेअरिंगच्या आतल्या दोन अर्ध्या रिंगा एकत्र धरून ठेवतो. सैल नटावर गाडी ढकलली तरी नुकसान होतं. एबीएस असलेल्या गाडीत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकाची पट्टी असू शकते, त्या बाजूला लोहचुंबक नेऊ नका आणि बेअरिंग उलटं बसू देऊ नका.

मामाच्या गाडीची पुढची दोन्ही बेअरिंग बदलली. उजव्याचा आवाज येत नव्हता, त्यामुळे मामा पैशांवरून कुरकुरला. "अगं, चांगलं आहे ते, कशाला काढतेस?" काढून, कापून पाहिलं. तशाच तांबूस रेघा, फक्त खड्डा अजून पडला नव्हता. पुरात चाकं बुडालेल्या गाडीची बेअरिंग आवाज नसला तरी संशयित धरायची, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. लगेच बदलायचा खर्च परवडत नसेल तर निदान दर महिन्याला स्प्रिंगवर हात ठेवायची परीक्षा करा.

मामाची खरी लाडकी मात्र त्याची जुनी फोर व्हील जीप, ती पुरात वरच्या आळीत होती म्हणून वाचली. तिच्या पुढच्या हबमध्ये दोन-दोन टेपर रोलर बेअरिंग आहेत. हे रोलर शंकूसारखे असतात, त्यामुळे वजनही पेलतात आणि वळणावरचा आडवा जोरही. याचं पेटंट १८९८ सालचं, अमेरिकेत घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनचं. ही बेअरिंग उघडता येतात, धुता येतात, पुन्हा ग्रीस भरून जुळवता येतात. हात काळे करण्याची हौस इथे भागते. दर दिवाळीआधी मामा हे करतो, त्या वर्षीपासून मीही.

जुनं ग्रीस आधी बोटाने काढून बघायचं. काळं असेल तर हरकत नाही, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चमचमत असेल तर पोलादाचा चुरा आहे. मग रॉकेल किंवा डिझेलमध्ये बेअरिंग धुवायचं, पेट्रोलमध्ये नाही. कोरडं करताना हवेच्या नळीने गरगर फिरवायचं नाही. त्याचा शिट्टीसारखा आवाज ऐकायला मजा येते, पण वंगणाशिवाय त्या वेगाने फिरलं की तेवढ्यातच ओरखडे पडतात, पिंजरा तुटला तर रोलर गोळीसारखे सुटतात. रोलरवर आणि बाहेरच्या रिंगेवर निळसर डाग, खवले किंवा रेघा दिसल्या तर दोन्ही जोडीने बदलायचं. जुन्या रिंगेत नवे रोलर टाकणं म्हणजे नुसते पैसे फुकट.

ग्रीस भरायची पद्धत हाताचीच. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, व्हील बेअरिंगसाठीचं एनएलजीआय २ घट्टपणाचं, आणि बेअरिंगची रुंद कड त्या गोळ्यात दाबत ओढायची. रोलरांच्या मधून दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग जरा फिरवून पुढचा भाग. हबच्या पोकळीत थोडंच, पूर्ण भरायचं नाही. ऑइल सील दरवेळी नवीन, त्याच्या ओठाला ग्रीसचं बोट. ब्रेकच्या लायनरला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही.

सगळ्यात नाजूक काम शेवटी. नट आवळताना हब सतत हाताने फिरवत राहायचं, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. एकदा घट्ट करायचं, मग सैल सोडायचं, मग पुन्हा हलक्या हाताने टेकवायचं. टेपर रोलरला किंचित खेळ ठेवतात, साधारण पाव दशांश ते सव्वा दशांश मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. अजिबात खेळ ठेवला नाही तर तापल्यावर रोलर चिरडले जातात, जास्त ठेवला तर दोन-चार रोलरांवरच सगळं ओझं येतं. मामाच्या जीपला आत एक नट, मग वाकवायचा लॉक वॉशर आणि बाहेर दुसरा नट आहे. बाहेरचा आवळला की आतलाही आट्यांमध्ये थोडा सरकतो आणि जुळवलेला खेळ बदलतो. म्हणून बाहेरचा नट लावून झाल्यावर खेळ पुन्हा तपासायचा. इतर गाड्यांमध्ये खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असते. खाच जुळत नसेल तर नट पुढे आवळून नाही, मागे सोडून जुळवायची, आणि पिन नवीन.

मामा हे नट छिन्नी आणि हातोड्याने फिरवायचा. मागच्या वर्षी मी त्याला बरोबर मापाचा बॉक्स पाना आणून दिला. त्याने तो तेल लावून कपाटात ठेवलाय. यंदा मी छिन्नी लपवून ठेवली, तेव्हा तो पाना बाहेर निघाला. चारही नट जुळवून झाल्यावर आम्ही जीप गुहागर रस्त्याला वीसेक किलोमीटर फिरवली, परत आल्यावर दोन्ही हबांवर हात ठेवला. डावा कोमट, उजवा कोमट.